पित्ताशयातील खडे : निर्णय केव्हा आणि कसा घ्यावा

पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल हाती पडतो, त्यात पित्ताशयात एक किंवा अनेक खडे असल्याचा उल्लेख असतो, आणि त्या एका ओळीने घरातील सर्वांची झोप उडते, असे सांगणारी पत्रे वाचकांकडून वारंवार येतात. कोणी लिहितात, की तपासणी मुळात निराळ्याच कारणासाठी केली होती, त्रास काडीचाही नाही, तरीही पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. तर कोणी लिहितात, की रात्री-अपरात्री असह्य कळा येऊन दवाखाना गाठावा लागतो, पण ओळखीच्या कोणी सुचवलेल्या काढ्याने खडे विरघळतील या आशेवर वर्ष निघून गेले आहे. दोघांचीही चिंता खरी आहे. परंतु पहिल्यास बहुधा थांबण्याची पूर्ण मोकळीक असते आणि दुसऱ्यास ती मुळीच नसते, हे त्यांना कोणी स्वस्थपणे बसून सांगितलेले नसते. खडे किती आहेत आणि केवढे आहेत यापेक्षा त्या खड्यांनी आपल्या शरीरात आजवर काय केले आहे, यावरच पुढचा मार्ग प्रामुख्याने ठरतो. हे सूत्र मनाशी धरून पुढील मजकूर वाचावा.

खडा कोठे असतो आणि का होतो

आपले यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. यकृताच्या खालच्या अंगास, उजव्या बरगड्यांच्या आड, ७ ते १० सेंटिमीटर लांबीची एक पिशवी असते, तेच पित्ताशय. जेवणांच्या मधल्या वेळेत हा रस तेथे साठतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो दाट होतो, आणि स्निग्ध अन्न आतड्यात उतरताच पित्ताशय आकुंचन पावून तो पित्तनलिकेवाटे आतड्यात सोडते. या रसात कोलेस्टेरॉल, पित्तक्षार आणि बिलिरुबिन हे रंगद्रव्य असते. त्यांचे परस्परांतील प्रमाण बिघडले, किंवा पित्ताशय वेळच्या वेळी रिकामे होईनासे झाले, की पाक फाजील आटल्यावर तळाशी साखर धरते त्याप्रमाणे कोलेस्टेरॉलचे कण एकत्र येऊन त्यांचा खडा बनतो.

स्त्रिया, चाळिशी ओलांडलेली माणसे, गर्भवती, स्थूल प्रकृतीचे, मधुमेही, आणि ज्यांच्या आई-वडिलांस वा भावंडांस हा विकार झाला आहे असे लोक यांच्यात खड्यांचे प्रमाण अधिक आढळते. वजन झपाट्याने उतरवणे, म्हणजे आठवड्याला दीड किलोहून अधिक घटवणे, हेही एक महत्त्वाचे कारण असून, नवनवीन आहारपद्धतींच्या नादी लागलेल्या तरुण वाचकांनी ते विशेषत्वाने ध्यानात ठेवावे. रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा नेमस्त असलेल्यांनाही हे खडे होतात, तेव्हा त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

खड्यांचा दुसरा प्रकार रंगद्रव्याचा. रक्तातील तांबड्या पेशी अकाली फुटणाऱ्या विकारांत तो उद्भवतो, आणि म्हणूनच विदर्भातील व नंदुरबारकडील ज्या कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे तेथे कोवळ्या वयाच्या मुलांतही असे खडे सापडतात. अशा मुलाच्या पोटात उजव्या बाजूस वरच्या अंगी दुखू लागले, तर ते केवळ सिकलसेलचेच दुखणे होय असे गृहीत न धरता एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

मूतखड्याशी गल्लत करू नका

ही गल्लत इतकी सार्वत्रिक आहे, की तिचा स्वतंत्र खुलासा केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. मूतखडा मूत्रपिंडात होतो, त्याचा मार्ग लघवीचा. पित्ताशयाचा मार्ग आतड्यात उघडतो, आणि या दोन मार्गांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. म्हणून भरपूर पाणी पिऊन पित्ताशयातील खडा वाहून जात नाही, आणि कुळथाचे कढण किंवा पानफुटीचा रस लघवीवाटे खडा पाडतो अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीही ती पित्ताशयास लागू करू नये. मूतखडा कित्येकदा आपोआप पडतो, आणि पडावा हेच इष्ट असते. पित्ताशयातील खडा मात्र आपल्या जागेवरून सरकून नलिकेत उतरणे हीच धोक्याची सुरुवात असते. टोमॅटो, पालक, वांग्याच्या बिया वर्ज्य करण्याचेही येथे काही कारण नाही.

खडा शरीरात काय करतो

पहिली अवस्था स्वस्थतेची. खडे पित्ताशयात पडून असतात आणि माणसास त्यांची जाणीवही नसते. ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत अशांपैकी सुमारे ८० टक्के लोक याच अवस्थेत असतात.

दुसरी अवस्था कळेची. भरपेट किंवा तेलकट-तुपकट जेवणानंतर, पुष्कळदा रात्री, पित्ताशय आकुंचन पावत असता एखादा खडा त्याच्या तोंडाशी अडकतो, आणि पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली एक कळ उठते. ती वाढत जाऊन स्थिरावते, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाते, मळमळ व उलटी होते, कूस बदलून वा शौचास जाऊनही चैन पडत नाही, आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकून खडा मागे सरकला म्हणजे ती पूर्णपणे ओसरते. ती ओसरते, म्हणूनच फसगत होते. सकाळी माणूस ठणठणीत असतो, रात्रीचे दुखणे ‘पित्त झाले होते’ या सदरात जमा होते, आणि आम्लता शमवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात. दिवसभर उपवास करून संध्याकाळी तुपातली, भरपूर दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर अशी कळ उठल्याचे कित्येकांच्या बाबतीत घडते. दोष साबुदाण्याचा नसून, रिकामे न होता दिवसभर तुंबून राहिलेल्या पित्ताशयावर एकदम पडलेल्या स्निग्धतेच्या भाराचा असतो.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवी. आंबट ढेकर, छातीत जळजळ, पोट फुगणे, गुबारा धरणे ही लक्षणे सहसा खड्यांची नसतात. केवळ या तक्रारींसाठी पित्ताशय काढून घेणाऱ्यांच्या पदरी नंतर निराशाच येते, कारण खडे गेले तरी ढेकर जागच्या जागी राहतात. तसेच, पोटाच्या वरच्या भागात दुखत असता घाम सुटला, धाप लागली किंवा छाती दडपली, तर खड्यांचा विचार बाजूस ठेवून आधी हृदयाचा आलेख काढावा. वयस्क आणि मधुमेही यांनी तर हटकून.

तिसरी अवस्था उपद्रवांची. अडकलेला खडा मागे न सरकल्यास पित्ताशयास सूज येते, त्यात जंतुसंसर्ग होतो, क्वचित ते सडते किंवा फुटते. खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्यास पित्ताचा मार्ग बंद होऊन कावीळ होते; आणि नलिकेच्या शेवटाशी, जेथे स्वादुपिंडाचा मार्गही येऊन मिळतो, तेथे तो अडला तर स्वादुपिंडास दाह होतो, जो कधी कधी प्राणावर बेततो. छोटे खडे निरुपद्रवी आणि मोठे घातक, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. नलिकेत शिरण्याइतका बारीक खडाच ही आफत ओढवून आणतो.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास घरगुती इलाजात एक रात्रही घालवू नये, सरळ रुग्णालय गाठावे :

- कळ सहा तासांतही न ओसरणे, किंवा कळेबरोबर ताप येणे;
- डोळे वा त्वचा पिवळी पडणे, लघवी गडद होणे, शौचाचा रंग पांढुरका किंवा मातकट होणे, अंगास खाज सुटणे;
- थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटदुखी ही तीन एकत्र येणे, कारण तो नलिकेतील जंतुसंसर्ग असून तेथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो;
- पोटातून आरपार पाठीत जाणारी सततची वेदना आणि न थांबणाऱ्या उलट्या;
- वृद्ध वा मधुमेही व्यक्तीस पोट फारसे दुखत नसताही ताप, भ्रम किंवा कमालीची ग्लानी येणे.

कावीळ उतरवून घेण्यासाठी मंडळी अजूनही गावोगाव फिरतात. यकृताच्या साध्या विषाणुजन्य काविळीत माणूस बहुधा कालांतराने आपसूक बरा होतो, त्याचे श्रेय उतरवणाऱ्यास मिळते, आणि तोच विश्वास खड्याने अडलेल्या काविळीत रुग्णाचा घात करतो. कावीळ कोणत्या प्रकारची, हे रक्ततपासणी व सोनोग्राफी यांनी त्याच दिवशी कळू शकते.

तपासण्या : कोणत्या आणि किती

पित्ताशयातील खड्यांसाठी साधी सोनोग्राफीच सर्वांत विश्वसनीय आहे. तत्पूर्वी सहा ते आठ तास काही खाऊ नये, नाहीतर पित्ताशय आकसल्यामुळे ते नीट दिसत नाही. क्ष-किरणांत बहुसंख्य खडे दिसतच नाहीत, तेव्हा ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ यावर विसंबू नये. सोबत यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करावी. तीत बिलिरुबिन वाढलेले असले किंवा पित्तनलिका फुगलेली दिसली, तरच एमआरसीपी या खर्चिक तपासणीची आवश्यकता पडते. स्वादुपिंडाची शंका असल्यास रक्तातील लायपेज वा अमायलेज तपासतात. याहून अधिक यादी कोणी हाती दिल्यास प्रत्येक तपासणीने निर्णयात कोणता फेरफार होणार आहे, एवढे निःसंकोचपणे विचारावे.

त्रास नसताना खडे आढळले तर

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापकवर्गातील १२३ जणांच्या पित्ताशयात तपासणीत असे मूक खडे आढळले होते. त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन १९८२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार वीस वर्षांच्या अवधीत केवळ १८ टक्क्यांच्या आसपास लोकांस कळा सुरू झाल्या, आणि गंभीर उपद्रव होण्यापूर्वी त्यांना बहुधा साधी कळ येऊन सूचना मिळालेली होती. ती मंडळी बहुतांशी पुरुष होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडील स्त्रियांना लावणे बरोबर नव्हे. परंतु मूक खड्यांना हात लावण्याची घाई करू नये, ही वैद्यकशास्त्राची आजची सर्वसाधारण भूमिका आहे. केवळ मधुमेह आहे म्हणूनही मूक खड्यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. ‘आज ना उद्या करावीच लागणार’ हे विधान, माझ्या मते, रुग्णास भिवविणारे आहे.

या नियमास अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एखादा आपणास लागू पडत असेल तर शल्यचिकित्सकाशी सविस्तर मसलत करावी :

- खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असणे, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठलेला असणे, किंवा पित्ताशयात १० मिलिमीटर वा त्याहून मोठा मांसांकुर असणे, कारण अशा स्थितीत कर्करोगाची शक्यता वाढते;
- सिकलसेलसारखा रक्तविकार असून पोटाची दुसरी शस्त्रक्रिया होणारच असणे;
- जहाजावरील किंवा दुर्गम ठिकाणची नोकरी, जेथे कळ उठल्यास वैद्यकीय मदत कित्येक दिवस मिळणार नाही.

पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण गंगेच्या खोऱ्यात अधिक असून महाराष्ट्रात त्या मानाने कमी आहे. तेव्हा तिकडील नातलगांकडून ऐकलेल्या हकिकतींवरून येथे धास्ती घेऊ नये.

विरघळवण्याचे उपाय

अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी काही खडे विरघळतात, हे खरे आहे. परंतु ते खडे कोलेस्टेरॉलचे, लहान, चुना न धरलेले आणि पित्ताशय चालते असले तरच. त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षे लागतात, आणि औषध बंद केल्यावर पाच वर्षांच्या आत निम्म्या लोकांत खडे पुन्हा होतात. शस्त्रक्रियेस ज्यांची प्रकृती मुळीच योग्य नाही अशांसाठीच हा मार्ग राखून ठेवावा. मूतखड्याप्रमाणे बाहेरून लहरींचा मारा करून खडे फोडण्याचा प्रयोगही झाला होता. तो आता मागे पडला आहे.

सफरचंदाचा रस पिऊन नंतर ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस एकदम घेण्याचा जो उपचार आज घरोघरी सांगितला जातो, त्याच्या दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवट मऊ गोळे पडतात आणि रुग्णाचा विश्वास बसतो. या गोळ्यांचे प्रयोगशाळेत पृथक्करण झाले असून ते खडे नसून त्याच तेलापासून पोटात बनलेले साबणासारखे पदार्थ आहेत. उलट एवढे तेल एकदम पोटात गेल्याने पित्ताशय जोराने आकुंचन पावते आणि स्वस्थ असलेला खडा नलिकेत लोटला जाण्याचे भय असते. हा प्रयोग करू नये, अशी माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे.

कोणत्याही पथ्याने खडा जात नाही. पथ्याचा उपयोग एवढाच, की शस्त्रक्रियेपर्यंतच्या काळात तळलेले पदार्थ, साय, लोणी कमी करून आणि जेवणाच्या वेळा न चुकवता कळा टाळता येतात.

शस्त्रक्रिया : काय होते, काय विचारावे

एकदा कळ आली, की ती पुन्हा येण्याचा संभव बराच असतो, आणि म्हणून निदान निश्चित होताच सोयीची तारीख ठरवून पित्ताशय काढून घेणे हा राजमार्ग होय. केवळ खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. खडे तयार करणारी जागाच तशी राहिली तर ते पुन्हा होतात. हे ओळखून बर्लिनचे शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली संपूर्ण पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, आणि तो पायंडा आजतागायत कायम आहे. दुर्बिणीद्वारे ती करण्याची पद्धत भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी प्रथम आणली. संपूर्ण भूल देऊन पोटावर बहुधा चार लहान छिद्रे पाडतात, कर्बवायूने पोट फुगवतात, आणि एक-दोन दिवसांत रुग्ण घरी जातो. चिकटलेपणा फार असल्यास वा रक्तस्राव झाल्यास पूर्वीप्रमाणे पोट उघडून शस्त्रक्रिया पुरी करावी लागते. ते अपयश नव्हे, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला तो निर्णय असतो. मुख्य पित्तनलिकेस इजा होणे हा सर्वांत गंभीर धोका असून तो हजारांत साधारण तीन ते पाच जणांस संभवतो.

पित्ताशयास तीव्र सूज आली असता ‘आधी सूज उतरू द्या, मग सहा आठवड्यांनी पाहू’ असे पूर्वी म्हणत. आता लक्षणे सुरू झाल्यापासून शक्यतो ७२ तासांत, निदान त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करणे हितावह मानतात. स्वादुपिंडाचा सौम्य दाह झाला असल्यासही त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्यावे. गर्भवती स्त्रीस कळा अनावर झाल्यास चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ शस्त्रक्रियेस सर्वांत सोयीचा समजतात.

नलिकेत खडा असल्यास ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, तो काढतात. येथे एक मोठी चूक घडते : कावीळ उतरली, बरे वाटले, म्हणून रुग्ण पुन्हा फिरकतच नाही. नलिका मोकळी झाली असली तरी पित्ताशयातील उरलेले खडे जागेवरच असतात. म्हणून त्यानंतर लवकरच पित्ताशयही काढून घेणे अगत्याचे आहे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारण्यास संकोच करू नये :

- माझ्या तक्रारी खड्यांमुळेच आहेत, असे आपण कशावरून म्हणता?
- नलिकेत खडा नाही, याची खातरजमा झाली आहे काय?
- ही शस्त्रक्रिया आपण स्वतः नियमितपणे करता काय, आणि अडचण आल्यास येथे कोणती सोय आहे?
- पोट उघडावे लागल्यास खर्च व मुक्काम किती वाढेल?
- काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीस पाठवणार काय?

शेवटचा प्रश्न विशेष आग्रहाने विचारावा. बाटलीत घालून दिलेले खडे नातलगांना दाखवले जातात आणि पित्ताशयाच्या तपासणीचा अहवाल मात्र आणावयाचा राहून जातो. क्वचित प्रसंगी दडलेला कर्करोग त्याच अहवालातून उघडकीस येतो.

पित्ताशय गेल्यावर पचन कायमचे बिघडते, ही भीती निराधार आहे. यकृत पित्तरस पूर्ववत बनवत राहते, फक्त तो साठून न राहता थेट आतड्यात येतो. काही जणांस थोडे दिवस शौचास पातळ होते. जेवण थोडे थोडे घ्यावे, आठवड्या-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर रुजू व्हावे, जड वजन मात्र महिना-सव्वा महिना उचलू नये. घरी आल्यावर ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत जावे.

खर्च, विमा आणि आपले हक्क

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व तिच्याशी संलग्न केंद्रीय योजना यांखाली प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे, आणि ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेतून होते किंवा कसे, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे.
- धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवणे बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा व रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाकडे रीतसर अर्ज द्यावा. दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे.
- खाजगी आरोग्यविम्यात पित्ताशयाच्या खड्यांसाठी बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा-मुदत असते. अहवालात खडे दिसल्यावर नवी पॉलिसी घेताना ते लपवू नयेत, कारण तेवढ्यावरूनच पुढे दावा नामंजूर होतो. नामंजुरी अन्यायाची वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून मग विमा लोकपालाकडे दाद मागता येते.
- महाराष्ट्रातील खाजगी शुश्रूषागृहांस २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावावे लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आपला हक्क आहे आणि त्यासाठी कागदपत्रे देण्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही.
- एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती, प्राणावर बेतलेला प्रसंग वगळता, दुसऱ्या शस्त्रक्रियेस लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. संमतिपत्र आपणास समजेल अशा भाषेत असावे आणि त्यातील रिकाम्या जागा भरल्यावाचून त्यावर सही करू नये.
- उपचारांच्या नोंदींची मागणी केल्यास त्या ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. घरी जाण्यापूर्वीच शस्त्रक्रियेचा तपशील व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मागून घ्याव्यात. सेवेत कसूर झाल्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि तेथे पहिली मागणी याच कागदांची होते.